वाचकांचे प्रश्न : मंडळीतला रॅप आणि उद्याचे पुढारी

प्रश्न : आमची मराठी मंडळी (चर्च) लहान आहे. आठ-दहा तरुण सतत रॅप ऐकतात, दोघे-तिघे लिहितातही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचं म्हणणं, हे संगीत देवाच्या घरात नको. मला मात्र याच मुलांतून पुढारी घडवायचे आहेत. सुरुवात कुठून करू? (एक पाळक, वास्को)

उत्तर : पाळकसाहेब, माइक सध्या कपाटातच राहू द्या आणि मुलांच्या हाती वही द्या. रॅपचं एक कडवं साधारण १६ बारचं असतं. बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, साधारण एका ओळीएवढं, आणि बारमध्ये ४ ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांचा वेग धरला तर अख्खं कडवं ४३ सेकंदांत संपतं. तेवढ्या वेळात बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातला, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ उभा करायचा, तर मुलाला तो अध्याय पुनःपुन्हा वाचावा लागतो. बोलतंय कोण, रागावलंय कोण, गोष्ट कुठे थांबते, हे ठरवावं लागतं. उपदेशाची तयारीही हीच असते. म्हणून आम्ही रॅपलेखनाला पुढाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा पाया मानतो. कार्यक्रमाची सजावट म्हणून ते वापरलं तर त्यातून फारसं काही उरत नाही.

बारा आठवडे धरा, आठवड्याला दीड तास. पहिले दोन आठवडे काहीच लिहायचं नाही. एकच उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यातलं एक पात्र निवडायचं. पुढचे चार आठवडे आधी ४ बार, मग ८, मग १६. सातव्या आठवड्यापासून प्रत्येकाने आपलं कडवं म्हणण्याआधी तो उतारा पाच मिनिटं गटाला समजावून सांगायचा. ज्याला समजावता येत नाही, त्याचं कडवं पुन्हा वहीत जातं. शेवटच्या तीन आठवड्यांत त्याच मुलांनी संडे स्कूलच्या लहानग्यांना ४ बार लिहायला शिकवायचं. कोण ओरडतो, कोण धीर धरतो, बुजऱ्या मुलाजवळ कोण जाऊन बसतो, हे तिथे कळतं. तुमचे पुढारी तिथेच दिसतील.

आता पंचांविषयी. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने केलेल्या पार्टीपासून हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आला त्या संस्कृतीचा, जन्म मोजतात. २०१४ मध्ये लेक्रे या ख्रिस्ती रॅपरचा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य अल्बम-यादीत पहिला आला. पण ही माहिती मुलांसाठी ठेवा, पंचांना ती पटणार नाही. त्यांना आपल्या मातीतलं सांगा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांच्या कानाला सरावलेल्या ओवीत बांधली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत रुजवलं. लोकांच्या तोंडी असलेला छंद घेऊन त्यात बायबलचं वचन भरणं ही आपली जुनीच रीत आहे. त्यानंतर एका पंचाला बाराही आठवडे वर्गात बसायची विनंती करा. मुलं वचनाशी कशी झटतात, ते त्यांनी स्वतः पाहिलेलं बरं.

प्रश्न : आमच्या मुलांच्या ओळी जुळतात, पण ऐकायला बालिश वाटतात. ‘तू माझा राजा आहे, तू माझा दिवा आहे’ असंच सगळं. काय चुकतं? (तरुण संघाची कार्यकर्ती, म्हापसा)

उत्तर : ताई, दोष मुलांचा नाही. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आहे-आहे, येतो-जातो असं यमक फुकट मिळतं, आणि फुकटच्या यमकाने कान जागा होत नाही. एक नियम घाला : आठ ओळींत जास्तीत जास्त दोन ओळी क्रियापदावर संपतील, बाकीच्या नामावर. दुसरा नियम : हाताने धरता येईल अशी एक वस्तू दर दोन ओळींत हवीच. ‘अंधार’ आणि ‘प्रकाश’ हे शब्द पहिला महिनाभर बंद.

लूकच्या ५व्या अध्यायातला पेत्र घ्या. येशू त्याला पुन्हा खोल पाण्यात जाळं टाकायला सांगतो. रात्रभर कष्ट करून रिकाम्या हातांनी परतलेला मासेमार वास्को-म्हापशाच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

रातभर ओढलं जाळं, हाती नुसतं शेवाळ,
खारीवाड्याच्या धक्क्यावर उजाडली सकाळ,
पोटात आग, डोळ्यांत मीठ, वर बिनपावसाचं आभाळ,
तो म्हणतो, ‘खोलात चल’. मी म्हणतो, ‘तूच सांभाळ’.

बोलताना पडणारे तुकडे टाळीवर मोजा : रात-भर-ओढ-लं-जा-ळं-हा-ती-नुस-तं-शे-वाळ, म्हणजे बारा. चारही ओळींत बारा-तेराच भरतात. मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाला नवख्याने एका ओळीत, म्हणजे एका बारमध्ये, दहा ते चौदा तुकड्यांच्या आत राहावं. सोळा भरले की बारमधलं प्रत्येक घर (ठोक्याचा चौथा भाग) भरतं, श्वासाला जागा उरत नाही आणि मुलं ओळीची शेपटी गिळतात. नेमकं यमक तिथेच असतं! वहीत श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारायची सवय लावा. मुलं मध्येच कोंकणी किंवा हिंदी शब्द घालतील, घालू द्या. मात्र उताऱ्याचा गाभा सांगणारी ओळ ते ज्या भाषेत घरी प्रार्थना करतात, त्याच भाषेत त्यांनी लिहावी.

प्रश्न : सभागृहात शब्द कळत नाहीत आणि माइक शिट्टी मारतो. उपाय? (वाचक, फोंडा)

उत्तर : बहुतेक वेळा मुलगा माइकच्या जाळीभोवती मूठ आवळतो. समोरचाच आवाज घेणारा माइक मग चहूबाजूंचा आवाज घ्यायला लागतो, त्यात स्पीकरचाही, आणि शिट्टी सुरू होते. पकड दांड्यावर ठेवा, तोंडापासून अंतर दोन-तीन बोटं, आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर टाळायला माइक किंचित तिरपा. स्पीकर नेहमी गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवर आवाजाच्या चॅनलचं लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारं) बटण दाबा. मग एकाला शेवटच्या बाकावर बसवा आणि त्याला प्रत्येक शब्द लिहून घेता येईपर्यंत बीटचा, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालाचा, आवाज खाली आणा. फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींमुळे आवाज घुमतो, म्हणून रेकॉर्डिंग सभागृहात करू नका. गाद्या-कपड्यांनी भरलेली लहान खोली घ्या. जून ते सप्टेंबर माइक बंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी आधी, आणि रात्री दहाला आवाज बंद.

प्रश्न : यूट्यूबवर ‘फ्री’ लिहिलेली बीट वापरली तर चालेल ना? (वाचक, डिचोली)

उत्तर : सरावाला चालेल. गाणं अपलोड करायचं असेल तर खालची अट पूर्ण वाचा. बहुधा ‘फ्री’चा अर्थ कमाई न करता आणि निर्मात्याचं नाव देऊन एवढाच असतो. परवाना विकत घेतला तर पावती जपून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मंडळीतल्या ढोलकी वाजवणाऱ्याचे ८ बार रेकॉर्ड करून तेच फिरवत ठेवा. हक्कही तुमचा, नादही तुमचा.

प्रश्न : आमच्याकडचा सगळ्यात चांगला रॅपर मुलगा कार्यक्रमापुरता येतो, एरवी फिरकत नाही. त्याला पुढारी करावं का? (मंडळीचे पंच, मडगाव)

उत्तर : आत्ता नाही. त्याला हाकलूही नका. गटात चार कामं ठेवा : लेखन, मंच, ध्वनी आणि घरभेटी. दर महिन्याला कामं फिरवा आणि त्यातून कोणालाही सूट देऊ नका. मंचावर गाजलेला मुलगा पुढच्या महिन्यात वायर गुंडाळेल आणि आजारी आजींच्या घरी जाईल. तिथे तो टिकला, तर विचार करा. सतरा वर्षांच्या मुलाला टाळ्यांच्या जोरावर पुढे ढकलायचं आणि तो घसरला की दोष हिप-हॉपला द्यायचा, हे अन्यायाचं आहे. घाई मोठ्यांनी केलेली असते. त्याच्यासोबत चालणारा एक प्रौढ माणूस नेमा, जो त्याची गाणी नव्हे, त्याचा आठवडा विचारेल.

गटात १८ वर्षांखालची मुलं असतील तर सरावाला कायम दोन प्रौढ हवेत, निरोप गटातच जावेत, खासगी चॅट नको, आणि व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. यात ढिलाई अजिबात नको.

प्रश्न : ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात रॅप शोभेल? (वाचक, पणजी)

उत्तर : शोभेल. बीट काढून टाका. बायबलमधल्या स्तोत्र १३० वर आठच ओळी, एकच आवाज, हव्या तर मांडीवर संथ थाप, मिनिटाला ७० ठोक्यांच्या आसपास. टाळ्या वाजवू नका, असं मंडळीला आधीच सांगा आणि लगेच वचनाचं वाचन सुरू करा.