चरबी चाचपणारी मुलगी

प्रश्न : मुलगी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे तपासणाऱ्या विभागात पोस्टिंग. आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमधून आलेली चरबी चाचपून त्यातल्या गाठी मोजते आणि पुढेही हेच करायचं म्हणते. एवढं शिकून हे काम? डीएनए तपासणाऱ्या मॉलिक्युलर लॅबकडे वळवावं का?

उत्तर : त्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, लसिका ग्रंथी. कॅन्सर दूर पसरलेला नसेल आणि सगळे नोड स्वच्छ असतील, तर आजार स्टेज दोनच्या पुढे जात नाही. एका नोडमध्ये जरी सापडला तरी स्टेज तीन, आणि मग सहसा केमो. म्हणून किमान 12 नोड तपासावेत असा दंडक आहे. सातच मिळाले आणि सातही स्वच्छ निघाले, तर त्या रिपोर्टवर डॉक्टरांना निर्धास्त राहता येत नाही.

हात लावून बघा म्हणजे कळेल. फॉर्मॅलिनमध्ये (फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यात) मुरलेली चरबी पातळ कापायची, प्रत्येक काप चिमटीत दाबायचा. मोठा नोड लगेच लागतो. पण पाच मिलिमीटरहून लहान नोडमध्येही कॅन्सर असतो, आणि गुदाशयाच्या पेशंटला आधी रेडिएशन दिलेलं असेल तर नोड आणखी आक्रसतात. मदतीला युक्त्या आहेत. अल्कोहोल आणि झायलीनने चरबी पारदर्शक करता येते, पण त्यात दिवस जातात आणि वाफा सोसाव्या लागतात. ॲसेटिक ॲसिड, अल्कोहोल, पाणी आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणात नोड खडूसारखे पांढरे उठून दिसतात. ताज्या स्पेसिमनच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या, धमनीत मेथिलीन ब्लू हा रंग सोडला तर नोड निळे होतात. मला ही युक्ती सगळ्यात आवडते, फक्त स्पेसिमन फॉर्मॅलिनमध्ये पडायच्या आत धमनी सापडायला हवी. एवढं करूनही शेवटी बोटंच लागतात.

मोजणीतही फसगत होते. उमेदवारीत मी एकच मोठा नोड दोन तुकडे करून दोन कॅसेटमध्ये, म्हणजे तुकडे ठेवायच्या प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, टाकला होता. पॅथॉलॉजिस्टनी ते पकडलं नसतं तर रिपोर्टात एकाचे दोन झाले असते. त्यानंतर कॅसेटवर काय लिहायचं ते कुणाला सांगावं लागलं नाही.

आता नोकरीचं. अमेरिकेत पॅथॉलॉजिस्ट्स असिस्टंट हा मास्टर्सचा स्वतंत्र कोर्स आहे. त्यांचं मुख्य काम ग्रॉसिंग, म्हणजे स्पेसिमन बघून, कापून त्यातले तुकडे निवडणं. ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायंटिस्टही प्रशिक्षण घेऊन ते करतात. अनेक ठिकाणी मात्र सुरी डॉक्टरांच्याच हातात असते आणि टेक्निशियन शेजारी उभा राहून कॅसेट भरतो. तिला जिथे नोकरी करायची आहे तिथे काय पद्धत आहे, हे आधी विचारा. खरी अडचण तिथे येऊ शकते, कामाच्या दर्जात नाही. फॉर्मॅल्डिहाइड कॅन्सरकारक मानलं जातं, तेव्हा ग्रॉसिंग टेबलावर हवा खेचणारी यंत्रणा चालते का, हेही बघून घ्या.

मॉलिक्युलर लॅब वाईट नाही. पण तिथला डीएनए बऱ्याचदा याच टेबलावरून गेलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांच्या ब्लॉकमधून काढतात. स्पेसिमन फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरून फिक्स झालं नसेल तर तिथलं महागडं मशीनही हात टेकतं. ग्रॉसिंगमध्ये दोन वर्षं काढून तिकडे गेलेली मुलगी तिथे कमी पडणार नाही. उलट दिशेने येणं अवघड.

तिला एकच विचारा : बारावा नोड मिळाल्यावर ती सुरी ठेवते, की उरलेली चरबीही बघते? काय म्हणाली ते मला जरूर कळवा.