अण्णांविषयी लिहिताना

पत्र : माझे वडील गवंडी होते, पुढे लहानमोठी घरे बांधून देणारे ठेकेदार झाले. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे आणि त्या वेळी काढायच्या स्मरणिकेत मी लेख लिहावा, असा भावाचा आग्रह आहे. त्याने शीर्षकही ठरवले आहे : ‘कुटुंबवत्सल अण्णा’. पण १९९३ च्या भूकंपानंतर अण्णा काही वर्षे उमरगा-औसा भागातच कामावर असत, कधीमधी घरी येत. माझे लहानपण त्यांची वाट पाहण्यात गेले. त्यांची हजेरीची वही माझ्याकडे आहे. तिच्यात मजुरांच्या हिशेबातच आमच्या फीचे आणि आईच्या औषधांचे आकडे आहेत. खरे लिहिले तर आई दुखावेल, नाही लिहिले तर मलाच पटणार नाही. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेखाचा खरा ऐवज त्या वहीत आहे आणि पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. ती पुन्हा उघडा आणि सावकाश वाचा. कोणाचे किती खाडे झाले, कोणी किती उचल घेतली, बाजाराच्या दिवशी कोणाचा किती चुकारा झाला, आणि त्याच ओळींत मुलीची फी व पत्नीची औषधे. अशी वही लिहिणाऱ्या माणसाने घराचा आणि कामाचा हिशेब कधी वेगळा धरलेला नसतो. मजुरांचे पैसे भागवल्याशिवाय घरी पैसे पाठवता येत नाहीत, ही लहान ठेकेदाराची रोजची ओढाताण त्या पानांवर तारीखवार दिसेल. ती दिसली म्हणजे ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ अशी विशेषणे शोधत बसावे लागणार नाही.

आता तुमच्या वाट पाहण्याविषयी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, किल्लारी-सास्तूर परिसरातील सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. दगडमातीच्या त्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांत बांधलेले नव्हते आणि डोक्यावर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचा बोजा होता. त्यानंतर ज्यांची घरे पडली नव्हती, त्यांनाही आत झोपण्याची भीती वाटू लागली. भिंतीत आरपार दगड बसवणे, चारी भिंतींना काँक्रीटच्या पट्ट्याने बांधून घेणे, माळवदावरची माती कमी करणे, ही दुरुस्ती त्या काळात हजारो घरांत झाली आणि ती गवंड्यांच्या हातांनी झाली. अण्णा नेमके कोणत्या कामावर होते, हे वहीतील गावांच्या नावांवरून काढता येईल. त्यातील एखादे गाव गाठा, त्यांच्या हाताखाली काम केलेला एखादा गवंडी किंवा बिगारी भेटला तर त्याला विचारा की अण्णा ओळंबा लावून भिंत कशी तपासत, स्लॅब टाकल्यावर पाणी मारण्यात कुचराई झाली तर काय म्हणत, कोणाला कधी कामावरून घरी पाठवले. अशा माणसाकडून मिळालेली एक गोष्ट स्मरणिकेत छापलेल्या दहा मान्यवरांच्या श्रद्धांजलींहून मोलाची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे सगळे कळल्यावर तुमचे वाट पाहणे भरून निघाले, असे लेखात लिहू नका. ते भरून निघालेले नाही. दुसऱ्यांची घरे सावरणाऱ्या माणसाची मुलगी आपल्या घरी त्याची वाट पाहत होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवण्याचे धैर्य लेखात हवे. भावाचे म्हणणेही खोटे नाही. फक्त त्याच्या वाट्याला आलेले अण्णा आणि तुमच्या वाट्याला आलेले अण्णा निराळे आहेत. शीर्षक हवे तर त्याचेच राहू द्या, मजकूर मात्र तुमचा असू द्या.

आई दुखावतील ही तुमची भीती मला समजते. पण त्या वर्षांत घर कोणी चालवले, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. सासरचे म्हातारपण, मुलांच्या शाळा, दुकानदाराची उधारी हे सारे आईंनी एकटीने निभावले असणार. अण्णांची गैरहजेरी लेखातून वगळली तर आईंचे ते सारे कष्टही वगळले जातील. म्हणून लिहिण्याआधी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, एकेक आकडा दाखवून ‘हे पैसे आले तेव्हा घरात काय चालले होते?’ एवढेच विचारा आणि त्यांना बोलू द्या. कच्चा लेखही त्यांना वाचून दाखवा. एखादे वाक्य नको म्हणाल्या, तर ते काढावे की नाही हे तिथेच बसून दोघींनी ठरवा.

वहीचे एखादे पान स्मरणिकेत छापणार असाल, तर मजुरांची नावे आणि त्यांच्या उचलीचे आकडे झाकून घ्या. त्यांतील काही जण आणि त्यांची मुले वर्षश्राद्धाला जेवायला येणार आहेत.

तुमची,
ताई