ऑडिशनच्या यादीतून बॅलाड काढा

नमस्कार ताई,

मुलगी बारावीत आहे, पियानोची आठवी ग्रेड झाली आहे, पुढे अमेरिकेत पियानोचीच पदवी घ्यायची आहे. यादीही ठरलेली आहे: बाखचं एक प्रील्यूड (प्रस्तावनेसारखी छोटी रचना), बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा (अनेक भागांच्या रचनेचा) पहिला भाग आणि शोपँचं जी मायनर बॅलाड (कथेसारखी उलगडणारी लांब रचना). हात लहान, एका सप्तकाची दोन टोकं एकदम दाबायला जेमतेम पोचतो, हेही तुम्ही कळवलंत. प्रश्न एकच: अवघड वाजवलं तर छाप पडेल ना?

बॅलाडने तरी नाही पडणार. ते वाजायला नऊ-दहा मिनिटं लागतात आणि खरी परीक्षा शेवटच्या पानांवर आहे. सप्तकं मारताना लहान हाताचं मनगट तोवर आखडलेलं असतं. परीक्षक बहुतेकदा पूर्ण रचना ऐकत नाहीत, मध्येच थांबवून दुसऱ्या जागेपासून वाजवायला सांगतात. पहिल्या दोन पानांत स्वर गोल आहे का, पेडल स्वच्छ आहे का, लय धरून ठेवता येते का, एवढ्यावर त्यांचं मत बनायला लागतं. म्हणून रचना तिच्या कुवतीच्या टोकाची नको, एक पायरी खालची हवी. पारख सोपी आहे: सकाळी उठल्या उठल्या, बोटं न तापवता, एकदाच वाजवायला सांगा. कोलमडली तर ती रचना या वर्षीची नव्हे.

‘मूनलाइट’ची अडचण वेगळी आहे. कॉलेजं सहसा सोनाटाचा जलद पहिला भाग मागतात आणि हा पहिला भाग संथ आहे. त्याऐवजी बीथोव्हनचाच ओपस १० क्रमांक १ सोनाटा घ्या (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा प्रकाशन-क्रमांक). सी मायनर, आणि सुरुवातीलाच ताल आणि नाट्य दोन्ही दिसतं. ओपस ४९ चे दोन सोनाटे मात्र टाळा, ते सोपे म्हणून बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत.

बाखचं नुसतं प्रील्यूड पुरत नाही, त्याच्या जोडीचा फ्यूगही लागतो, म्हणजे एकच धून वेगवेगळ्या ‘आवाजां’त (एकाच वेळी चालणाऱ्या सुरावटींत) पाठोपाठ येणारी रचना. ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ या बाखच्या प्रील्यूड-फ्यूगांच्या संग्रहाच्या पहिल्या खंडातला सी मायनर फ्यूग ३१ मापांचा, तीन आवाजांचा, म्हणून विद्यार्थ्यांचा आवडता. पण सोनाटाही सी मायनरच असल्यामुळे दोन्ही एकाच रंगाचे वाटतील. त्याच संग्रहातला डी मेजर (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ८५०) बघा. चार आवाज आहेत, पण ठसठशीत. प्रत्येक आवाज सुटा वाजवून आणि गाऊन घ्यायचा, मगच दोन-दोन जोडायचे. हा टप्पा गाळला की फ्यूग फक्त बोटांच्या सवयीवर पाठ होतो. मग तिथे एक सूर चुकला की पुन्हा सुरुवातीपासूनच उचलावं लागतं, मधून पकडता येत नाही. प्रत्येक रचनेत सात-आठ जागा ठरवा आणि पाठातून कुठूनही सुरू करायचा सराव करा.

शोपँ हवाच असेल तर त्याचं एट्यूड (तंत्राच्या सरावासाठीची रचना) ओपस २५ क्रमांक २, एफ मायनर. उजव्या हाताला सप्तकं नाहीत, पण दोन हातांच्या ट्रिपलेट्स (तीन-तीन सुरांचे गट) एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे लय कच्ची असली तर लगेच उघडी पडते. शोपँच्याच ओपस १० क्रमांक ३ सारखं संथ एट्यूड काही ठिकाणी एट्यूड म्हणून धरत नाहीत. विसाव्या शतकातलं काही मागितलं तर अर्जेंटिनाचा संगीतकार जिनास्तेरा याचे १९३७ चे तीन अर्जेंटिनी नाच बघा. पहिल्यात उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवतो, डावा फक्त काळ्या. दुसरा संथ आणि गाता आहे, तो तिच्या हाताला बसेल.

यादी अंतिम करण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या पानावरच्या अटी एका तक्त्यात मांडा. पाठ वाजवायचं की नोटेशन चालतं, पूर्ण सोनाटा की एक भाग, किती वेगवेगळ्या शतकांतल्या रचना हव्यात. चार कॉलेजांत जे सामाईक आहे त्याभोवती बांधणी करा.

वेळेचं गणित मात्र कडक आहे. प्रत्यक्ष ऑडिशनला बोलवायचं की नाही हे ज्यावरून ठरतं, त्या प्राथमिक व्हिडिओची मुदत बऱ्याच कॉलेजांत १ डिसेंबरच्या आसपास असते. म्हणजे जूनपर्यंत रचना पक्क्या, ऑगस्टअखेर पाठ, ऑक्टोबरमध्ये निदान तीन वेळा अनोळखी श्रोत्यांपुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चित्रीकरण.

पावसाळ्यात पियानोचा सूर सरकतो, त्यामुळे चित्रीकरणाच्या दोन-तीन दिवस आधी ट्यूनरला बोलवा. घरी डिजिटल पियानो असेल तर ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) भाड्याने मिळवून त्याच्यावर निदान चार-पाच वेळा बसू द्या. ग्रँडची पट्टी पुरती वर न येताही सूर पुन्हा वाजवू देते, पेडलही निराळं वागतं. हे हाताला आधी कळलेलं असावं. कॅमेरा उजवीकडून, चेहरा, हात, पट्ट्या एकाच चौकटीत, तुकडे जोडायचे नाहीत. फोनमधली आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर हळू आणि मोठ्या वाजवण्यातला फरकच सपाट होतो. आणि पंखा बंद.

प्रत्यक्ष ऑडिशन जानेवारी ते मार्चमध्ये असतात, म्हणजे बोर्डाच्या प्रात्यक्षिकांच्या आणि लेखीच्या अगदी तोंडावर. परदेशी विद्यार्थ्यांकडून व्हिडिओ किंवा ऑनलाइन ऑडिशन घेता का, हे प्रवेश कार्यालयाला सप्टेंबरमध्येच ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.