मन घट्ट कर, असे सगळे म्हणतात

प्रश्न : मी श्रीवर्धन तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहते. वय ५७. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमची नारळी-पोफळीची वाडी जवळजवळ सगळी आडवी झाली. यजमानांनी त्याच पावसाळ्यात पोफळीची नवी रोपे लावली. त्यांना फळ धरण्याआधीच, चौदा महिन्यांपूर्वी, ते गेले. यंदा पहिली सुपारी धरली आहे. मुलगा पुण्याला असतो. वाडी विकून कायमची इकडे ये, असा त्याचा आग्रह आहे. शेजारच्या बायका पूर्वी रोज येत. आता हळदीकुंकवाला मला बोलावणे नसते. वाडीत काम करताना मी बरी असते, पण तिन्हीसांजेला दिवा लावताना रडू कोसळते. सगळे म्हणतात, मन घट्ट कर. ते मला जमत नाही. मी काय करावे?

उत्तर : ताई, सकाळी बरे वाटते आणि संध्याकाळी रडू येते, यालाच तुम्ही न सावरणे समजता आहात, मला मात्र तुमच्या पत्रात सावरण्याची सगळ्यात स्पष्ट खूण तीच दिसते. नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाविषयी जी मांडणी केली, तिचे सार असे की जोडीदार गमावलेले माणूस कधी दुःखाकडे वळते, कधी समोरच्या कामाकडे, आणि हे जाणे-येणेच त्याला हळूहळू नव्या आयुष्यात रुळवते. नुसते रडत राहणे जसे बाधते, तसेच दुःखाला दाराबाहेर ठेवून नुसते काम करत राहणेही बाधते. म्हणून मन घट्ट करण्याचा प्रयत्न तुम्ही सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. दिव्याजवळ रडू आले तर येऊ द्या, आणि सकाळी झाडांना पाणी लावताना हसू आले तर त्यात यजमानांचा विसर पडला असे मानू नका.

मात्र महिनोन्महिने झोप लागत नसेल, अन्न नकोसे झाले असेल, वाडीतही पाऊल टाकवत नसेल किंवा जगूच नये असे मनात येत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता वाडीविषयी. तुमच्या मुलाचा आग्रह काळजीपोटी आहे. वादळानंतर त्याने आईवडिलांची ती पडलेली वाडी पाहिली असणार, आणि आता आई तिथे एकटी आहे या विचाराने त्यालाही रात्री झोप येत नसेल. तरीही विकण्याचा निर्णय आज घेऊ नये. विकलेली वाडी परत मिळत नाही. उलट पुण्याला दोन महिने राहून परत येता येते. तसे एकदा जाऊन पाहा, वाडीची व्यवस्था कोणाकडे तरी सोपवून. आणि त्याला फोनवर ‘मी बरी आहे’ एवढेच सांगून थांबू नका. संध्याकाळ जड जाते, हे त्याला सांगा. ‘बरी आहे’ या उत्तरावर मुलाला पुढे काही विचारता येत नाही. संध्याकाळचे सांगितलेत तर तो निदान त्या वेळी रोज फोन करू शकेल.

हळदीकुंकवाचे तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिले आहे, पण माझे मन तिथेच अडकले. पती गेल्यावर माणसांची सर्वाधिक गरज असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या रूढी बाईला माणसांतून उठवतात. हा तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. हा तुमच्यावर झालेला अन्याय आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. तुमच्या गावात असा ठराव व्हावा यासाठी ग्रामसभेत बोलायची तुमची तयारी असेल तर फार चांगले. पण आजच एकटीने लढावे, असा भार मी तुमच्यावर टाकणार नाही. त्या बायकांपैकी जिच्याशी तुमचे सर्वाधिक जमत असे, अशा एकीला मात्र स्वतः जाऊन सांगा की तू येत नाहीस, मला तुझी आठवण येते. काय बोलावे हे न सुचल्यामुळे यायचे टाळणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

नव्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून तिच्या सावलीला केळ लावतात, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. यजमानांनीही ती लावली असेल. रोपाला सावली लागते म्हणून त्याला कोणी दुबळे म्हणत नाही.

यंदाची सुपारी उतरवून, उन्हात महिनाभराहून अधिक वाळवून झाली की ती सोलायला बसावे लागेल. ते काम एकटीने करू नका. मुलाला आणि सुनेला त्या दिवसांत बोलावून घ्या, आणि ज्या शेजारणी हळदीकुंकवाला बोलवत नाहीत त्यांनाही सोलायला या म्हणून तुम्हीच निरोप धाडा. यजमानांनी ही रोपे कुठून आणली, कोणत्या ओळीपासून लावायला सुरुवात केली, हे तिथे बसल्या बसल्या सांगा. मध्येच रडू आले, तर त्या बायकांसमोर येऊ द्या.