खाजणाला दलदल म्हणू नकोस

चि. सखी,

तुझ्या अनुवादाची पानं वाचली. एकाच प्रकरणात खाडीकाठच्या त्या एका जमिनीला तू दलदल, पाणथळ, खारजमीन आणि चिखलपट्टा अशी चार नावं दिलीस, आणि वर विचारतेस, 'यातला प्रमाण शब्द कोणता?' प्रमाण शब्दाचं नंतर बघू. तिथे पाणी कधी येतं, ते आधी सांग.

हसू नकोस. दलदलीत पाणी साचून राहतं. खाजणात ते दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पार आत शिरतं, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत जेमतेम काठ भिजवतं. ओहोटीला उघडा पडलेला काळा गाळ, त्यातून वर आलेली तिवराच्या झाडांची बोटभर श्वासमुळं, मधूनच टुणकन उडणारी निवटी मासळी, सगळं या येण्याजाण्यावर जगतं. 'दलदल' लिहिलंस की भरती-ओहोटीच पुसली गेली. 'पाणथळ' तर काय, सरकारी अंगरखा. त्यात गावचं तळंही मावतं.

खारजमीन हा शब्द चांगला आहे, पण जागा वेगळी. पेण-अलिबागकडे खारेपाटात लोकांनी बांध घातले, उघाड्या म्हणजे पाण्याची दारं बसवली. ओहोटीला आतलं पाणी निघून जावं, भरतीचं आत येऊ नये, एवढ्यासाठी. मग भात पिकलं. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि पुढे भाताची आशा सोडायची. राज्याने 1979 साली खारजमीन विकासाचा कायदा केला, तो अशाच जमिनींसाठी. गोव्यात मात्र बांध घातलेल्या शेतालाच खाजन म्हणतात. त्याच्या दाराला मानस, आणि आत कोरगुट भात. आपल्याकडे खाजण म्हटलं की बहुतेक वेळा बांधाबाहेरचा तिवरांचा चिखल डोळ्यांपुढे येतो. म्हणून पुन्हा तेच विचारतो: पाणी कधी येतं, आणि त्याला कोण अडवतं?

दाते-कर्व्यांचा शब्दकोश 1932 ते 1938 मध्ये इथेच पुण्यात झाला. तो जरूर उघड, माझ्याही टेबलावर असतो. पण मुठेला भरती येत नाही, हे लक्षात ठेव.

मागे एका संपादकाने माझ्या लेखातलं खाजण खोडून दलदल केलं. 'पुण्याच्या वाचकाला कळणार नाही' म्हणे. मी लेखच परत मागितला. मानधन गेलं, पुढची कामंही गेली, आणि मित्र अजून मला हेकट म्हणतात. म्हणू देत. अरे, दलदल म्हटल्यावर भराव टाकायला कुणाचा हात थांबतो? खाजण म्हटलं की निदान कोळी, कालवं काढणाऱ्या बाया, बांधावरचा शेतकरी, कुणीतरी मालकासारखं आठवतं. वाचकाला कळत नसेल तर कळू दे ना एकदा!

तू मात्र वाद घालत बसू नकोस. मूळ लेखकाला आजच विचार: ती जागा बांधाच्या आतली की बाहेरची? उत्तर येईपर्यंत तो शब्द कोरा ठेव. प्रकाशक ओरडला तर माझा नंबर दे.