अमेरिकेत जन्मलेल्या मुलीच्या जन्मदाखल्याची सर्टिफाइड कॉपी कुठून मागवायची: टाउनकडून की राज्याकडून?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी न्यू जर्सीत जन्मली, आता तुम्ही सगळे पुण्यात परत आलात, तिचा अमेरिकन पासपोर्ट संपत आलाय आणि हाताशी आहे तो हॉस्पिटलने दिलेला, बाळाच्या पावलांचे ठसे असलेला कागद. तो चालेल का, आणि चालणार नसेल तर खरा दाखला कुणाकडे मागायचा?

तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावा, छान दिसतो. पासपोर्टला मात्र त्याचा काही उपयोग नाही. हॉस्पिटल फक्त जन्माची माहिती रजिस्ट्रारकडे पाठवतं, कायदेशीर दाखला देण्याचा अधिकार त्याला नसतो.

मी न्यू जर्सीतल्या एका नगरपालिकेत रजिस्ट्रारच्या खिडकीमागे काही वर्षं बसले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. बहुतेकांची पहिली गफलत अशी होते की ते केंद्र सरकारकडे विचारणा करतात. अमेरिकेत जन्मनोंद हा राज्यांचा विषय आहे. वॉशिंग्टनला सगळ्या जन्मांचे दाखले देणारं कुठलंही ऑफिस नाही. स्टेट डिपार्टमेंट (तिकडचं परराष्ट्र खातं) जन्माचा कागद देतं तो परदेशात जन्मलेल्या अमेरिकन नागरिकांच्या मुलांसाठी, आणि तुमची मुलगी त्यात बसत नाही. न्यू यॉर्कचं तर आणखी निराळं: शहराच्या पाच बरोंमध्ये (म्हणजे मॅनहॅटनसारख्या पाच विभागांत) जन्म झाला असेल तर शहराचं आरोग्य खातं दाखला देतं, उरलेल्या राज्यासाठी राजधानी ऑल्बनीचं राज्य आरोग्य खातं किंवा त्या त्या गावचा रजिस्ट्रार. मॅनहॅटनमधल्या जन्मासाठी ऑल्बनीला अर्ज धाडणारे लोक आहेत, आणि तो अर्ज परत येतो.

तुमच्या बाबतीत दोन दारं आहेत. एक, जिथे जन्म झाला त्या टाउनचा रजिस्ट्रार. दोन, न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन इथलं राज्याचं ऑफिस. ‘जिथे जन्म झाला’ हे शब्दशः घ्या. घर एडिसनला असेल पण प्रसूती न्यू ब्रन्सविकच्या हॉस्पिटलात झाली असेल तर नोंद न्यू ब्रन्सविकची. एडिसनच्या ऑफिसात कितीही वाद घातलात तरी त्यांच्या रजिस्टरमध्ये ती नसणारच.

प्रत्यक्ष जाऊन घ्यायचं असेल तर मी डोळे झाकून टाउन सांगेन. टाउन हॉलमध्ये ओळखपत्र दाखवलं की बरेचदा त्याच भेटीत प्रत हातात पडते. पण तुम्ही पुण्यात आहात. बऱ्याच टाउनना टपालाच्या अर्जाबरोबर डॉलरमधला चेक किंवा मनीऑर्डर लागते, आणि तिकडचं बँक खातं बंद केलेल्या माणसाला ती आणायची कुठून हाच प्रश्न पडतो. म्हणून तुम्ही राज्याकडे ऑनलाइन अर्ज करा. बरीच राज्यं यासाठी व्हायटलचेक नावाची कंपनी वापरतात. फी जास्त पडते, पण कार्डाने भरता येते. दोन प्रती मागवा. न्यू जर्सीत राज्याच्या ऑफिसची पहिल्या प्रतीची फी २५ डॉलर आणि त्याच अर्जातल्या पुढच्या प्रत्येक प्रतीची फक्त २ डॉलर अशी पद्धत आहे. अर्ज करताना ताजा आकडा बघून घ्या. एक प्रत पासपोर्टच्या अर्जासोबत द्यावी लागते. ती परत मिळते, पण ती तिकडे असताना इकडे शाळेने मूळ कागद मागितला तर हात रिकामे नकोत.

आता कुठली प्रत मागायची ते नीट बघा, कारण अर्जावरची एक चुकीची खूण सगळं वाया घालवते. न्यू जर्सी दोन प्रकारचे कागद देतं. सर्टिफाइड कॉपी राज्याच्या खास सुरक्षा कागदावर असते आणि तिच्यावर देणाऱ्या ऑफिसचा उठावाचा शिक्का असतो. सर्टिफिकेशन नावाचा दुसरा कागद साधा असतो, शिक्का नसतो, आणि ओळख पटवण्यासाठी तो वापरता येत नाही असं त्यावरच छापलेलं असतं. वंशावळीचा शोध घेणाऱ्यांना तो पुरतो. तुम्हाला पहिला हवा. इतर राज्यांतही दोन-दोन प्रकार वेगळ्या नावांनी भेटतात: टेक्ससमध्ये लाँग फॉर्म आणि शॉर्ट फॉर्म, कॅलिफोर्नियात ऑथराइज्ड आणि इन्फर्मेशनल. शंका असेल तिथे लांब, सगळा तपशील असलेला प्रकार घ्या.

पासपोर्टवाले त्यात काय बघतात? मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची पूर्ण नावं, रजिस्ट्रारची सही, ऑफिसचा शिक्का, आणि नोंद जन्मापासून वर्षभरात झाल्याची तारीख. आईवडिलांची नावं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, कारण १६ वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टचं नूतनीकरण होत नाही. दर ५ वर्षांनी नवा अर्ज आणि प्रत्येक वेळी आईवडिलांशी नातं दाखवायचं.

कागद हातात आला की शिक्क्यावरून बोट फिरवा, उठाव लागला पाहिजे. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका! प्लास्टिकखाली शिक्का दबतो, मग तपासणारा तो नाकारू शकतो. आपल्याकडे झेरॉक्सवर ‘खरी प्रत’चा शिक्का मारून आणायची सवय हाडीमासी खिळलेली आहे, पण अमेरिकेत नोटरीने अटेस्ट केलेली झेरॉक्स सर्टिफाइड कॉपी होत नाही. ती फक्त नोंद ज्याच्या ताब्यात आहे तेच ऑफिस देऊ शकतं.

आता मराठी घरांचा हमखास घोळ. अमेरिकेतल्या जन्माच्या नोंदीसाठी आईचं पहिल्या लग्नाआधीचं नाव विचारतात, आणि बऱ्याच दाखल्यांवर तेवढंच छापून येतं. म्हणजे तुमच्या पासपोर्टवर तुम्ही रेवती समीर कुलकर्णी आणि मुलीच्या दाखल्यावर आई सुषमा जोशी! सासरचं आडनाव गेलं, नवऱ्याचं नाव गेलं, आणि लग्नात नाव बदललं असेल तर ते नवं नावसुद्धा गेलं. खिडकीवर यायच्या तेव्हा बायका अगदी हवालदिल झालेल्या असायच्या: “अहो, यात माझं नावच नाहीये.” नाव असतं, फक्त माहेरचं असतं. यासाठी दुरुस्तीचा अर्ज करू नका, कारण यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा आणि जिथे जिथे जन्मदाखला द्याल तिथे तो जोडा. त्यात लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं नसतील तर नावबदलाचं गॅझेटही शोधा. स्पेलिंग खरोखरच चुकलं असेल, कुलकर्णीतला एखादा आर गळला असेल, तर गोष्ट निराळी. त्याला वेगळा अर्ज, पुरावे आणि सवड लागते, आणि दुरुस्तीनंतर नवी प्रत पुन्हा फी भरूनच घ्यावी लागते. म्हणून कागद आल्या दिवशीच अक्षर न् अक्षर वाचा.

अपॉस्टिलबद्दल (एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्याला जोडतात ते प्रमाणपत्र) तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कुणीतरी मागणार. अमेरिकन दूतावासाला त्यांच्याच देशाच्या दाखल्यावर अपॉस्टिल लागत नाही. भारतातल्या एखाद्या ऑफिसने मागितलं तर मात्र लागेल, कारण भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. ते ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याकडून मिळतं, आणि न्यू जर्सीत हे काम ट्रेझरी खातं करतं. दाखल्यावर सही कुणाची हवी, टाउनच्या रजिस्ट्रारची चालते की राज्याचीच लागते, हे आधी विचारून मग प्रत मागवा. कॅलिफोर्नियात काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर मध्ये काउंटी क्लार्ककडून एक जादा कागद करून घ्यावा लागतो, नाहीतर अपॉस्टिलचा अर्ज परत येतो.

राहता राहिला पत्ता. तिकडे राहणाऱ्या मावशीला “जरा आमच्या मुलीचा दाखला काढून पाठव” असं सांगून भागणार नाही, कारण सर्टिफाइड कॉपी मागण्याचा हक्क ठरावीक जवळच्या नातेवाइकांनाच असतो आणि मावशी त्यात नाही. अर्ज आई किंवा वडिलांनीच, स्वतःच्या ओळखपत्रावर करायचा. मावशीच्या पत्त्यावर मागवायचा असेल तर आधी त्या ऑफिसला ईमेल करा. काही ठिकाणी ओळखपत्रावरच्या पत्त्याशिवाय दुसरीकडे पाठवत नाहीत. हो म्हणाले, तर पाकिटावर मावशीचं नाव ‘केअर ऑफ’ म्हणून घालायला सांगा. अपार्टमेंटच्या मेलबॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट सरळ परत धाडतो.