वाचकांचे प्रश्न : गच्चीतल्या मिरचीवरचा बोकड्या

प्रश्न : आमच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये मिरचीची रोपे आहेत. गेल्या महिन्यापासून शेंड्याची पाने आकसू लागली आहेत, फुले येतात पण गळतात आणि दोन रोपांची वाढ तर पूर्ण थांबली आहे. शेजारी म्हणतात की हा बोकड्या आहे. मेहुण्यांची तासगावला द्राक्षबाग आहे आणि त्यांनी शिल्लक राहिलेली इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली दिली आहे. ते एका लिटरला किती घ्यावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मिरचीवर बोकड्या मुख्यतः तीन निरनिराळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे औषधाचे प्रमाण ठरवण्याआधी आपल्या रोपांवर नेमके काय आहे ते पाहायला हवे, आणि त्यासाठी सकाळच्या उजेडात दहा मिनिटे रोपाजवळ बसणे पुरेसे आहे.

पान कोणत्या बाजूला वळले आहे, यावरून बरेच काही कळते. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर ते बहुधा फुलकिड्यांचे, म्हणजे थ्रिप्सचे काम असते. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद होऊन त्याचा देठ लांबलेला दिसत असेल आणि पानाची खालची बाजू तपकिरी पडली असेल, तर पिवळ्या कोळीचा संशय घ्यावा. तिसऱ्या प्रकारात पाने अगदी बारीक राहतात, पेरे आखूड होतात, शेंड्याला पानांचा गुच्छ होतो आणि रोप खुरटते. हा पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणूजन्य रोग होय. आपण ज्या दोन रोपांची वाढ थांबल्याचे लिहिले आहे, ती याच दृष्टीने आधी तपासावीत.

खात्री करण्यासाठी शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंड्याला बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे, निमुळते, फिकट पिवळे किंवा काळपट किडे कागदावर झरझर पळताना दिसले, तर ते फुलकिडे समजावेत. हीच चाचणी उमललेल्या फुलावरही करावी, कारण ते फुलात लपून बसतात आणि फुलगळीचे ते एक कारण असते. पिवळी कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन कोवळ्या पानाची खालची बाजू पाहावी लागते. पांढरी माशी मात्र रोप हलवले की लगेच उडते आणि पुन्हा पानाखाली जाऊन बसते.

आता मेहुण्यांच्या बाटलीविषयी. ती परत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोळी हा कीटक नसून आठ पायांचा, जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या कुळातला जीव आहे आणि इमिडाक्लोप्रिडचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून कोळीचा उपद्रव वाढू शकतो. हे औषध झाडाच्या रसात शिरते, त्यामुळे ते नुसते धुऊन जात नाही आणि फुलावर येणाऱ्या मधमाश्यांनाही ते घातक ठरते. शेतकरी लेबलवर दिलेले पीक, प्रमाण आणि काढणीपूर्वी थांबायचे दिवस पाहून फवारतो. घरची मिरची आपण लागेल तशी दर दोन-चार दिवसांनी तोडतो आणि बाजूच्या कुंडीतली कोथिंबीर त्याच दिवशी आमटीत पडते, तिथे हे दिवस कोण पाळणार?

मेहुण्यांकडे मागण्यासारखी खरी उपयोगी वस्तू दुसरीच आहे. द्राक्षावर भुरी या बुरशीजन्य रोगासाठी वापरतात ते पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक मिरचीवरील कोळीसाठीही उपयोगी पडते. एका लिटर पाण्यात २ ग्रॅम मिसळून पानांची खालची बाजू भिजेल असे फवारावे. मात्र ऊन तापलेले असताना, विशेषतः एप्रिल-मेच्या सांगलीतल्या दुपारी, गंधक फवारल्यास पाने करपतात; म्हणून थंड वेळच निवडावी. निंबोळी तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांमध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. गंधकाच्या पुडीवरील सूचना वाचून, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालूनच काम करावे.

फुलकिडे असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो, पण तो चिकाटीने वापरावा लागतो. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी फडक्याने गाळून एकूण एक लिटर पाणी करावे आणि द्रावण पानाला चिकटावे म्हणून त्यात रिठ्याचे थोडे पाणी घालावे. उन्हाने अर्काची शक्ती कमी होते, तेव्हा फवारणी संध्याकाळी करावी आणि उरलेला अर्क साठवू नये. फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात आणि त्यांचे कोष बहुधा मातीत असतात. त्या दोन्ही अवस्था एका फवारणीतून सुटतात. म्हणून सात दिवसांच्या अंतराने किमान तीन फवारण्या कराव्यात, मधल्या दिवसांत पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवावेत आणि कुंडीतला वरचा मातीचा थर खुरप्याने हलवत राहावे. निळा चिकट सापळा फुलकिड्यांसाठी, तर पिवळा पांढऱ्या माशी आणि माव्यासाठी लावावा. सापळ्याने कीड संपत नाही, पण ती वाढते आहे की घटते आहे, हे रोज दिसते.

विषाणूची लक्षणे असलेले रोप कोणत्याही औषधाने बरे होत नाही. रोगट रोपाचा रस शोषलेली माशी जन्मभर तो रोग पसरवत राहते. त्यामुळे जीव तुटला तरी ते रोप पहाटे, माश्या सुस्त असताना, पिशवीने झाकून उपटावे आणि गच्चीवरून लगेच हलवावे.

प्रश्न : जास्वंदीच्या कळ्यांजवळ कापसासारखे पांढरे पुंजके आले आहेत आणि झाडावर मुंग्यांची रांग लागली आहे. काय करावे?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : हा पिठ्या ढेकूण आहे. तो झाडाचा रस शोषून गोड चिकटा टाकतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात त्याला त्याच्या शत्रूंपासून राखतात. म्हणून मुंग्यांची वाट आधी तोडावी. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, उरलेले पुंजके सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक करून पुसावेत आणि देठांच्या बेचक्यांत विशेष लक्ष द्यावे. नंतर सौम्य द्रवसाबण एका लिटरला ५ मिलिलिटर घेऊन आधी एकाच फांदीवर फवारावा आणि दोन दिवसांत पाने खराब झाली नाहीत, तर उरलेल्या झाडावर वापरावा.

पुसण्याआधी मात्र प्रत्येक पांढरा जीव नीट पाहावा. पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. त्याच्याहून मोठी, अंगावर लांब पांढरे मेणाचे दोरे असलेली आणि भराभर चालणारी अळी दिसली, तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची असू शकते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा आपल्याकडे द्राक्षबागांतही पिठ्या ढेकणावर सोडला जातो, कारण त्याची अळी आणि प्रौढ दोघेही हीच कीड खातात. अशी अळी असलेल्या फांदीवर ना साबण फवारावा, ना स्पिरिट लावावे.